गाडीच्या रंगावरचे ओरखडे घरी कितपत काढता येतात?

चाकोरी

नमस्कार. गाडी गडद निळी, मेटॅलिक रंगाची, बरीच वर्षं उघड्यावर उभी राहिलेली. मला ती अजून मनापासून आवडते, म्हणून रंग स्वतःच्या हाताने नीट करायचा आहे. आज धुऊन, पुसून, उन्हात उभी करून चारही बाजूंनी पाहिली.

ऊन पडलं की सगळ्या पत्र्यावर गोल गोल बारीक ओरखडे दिसतात. मागच्या दारावर सायकलचं हँडल घासून हातभर लांब पांढुरका चरा पडलाय. बॉनेटच्या पुढच्या कडेला खडी उडून रंगाचे टवके गेलेत, त्यातल्या एकात तांबूस ठिपका दिसतो. टपावर पक्ष्याच्या विष्ठेचा डाग होता, तो धुतला तरी ठसा राहिलाच. आणि मागच्या बंपरच्या कोपऱ्याला भिंतीचा पांढरा रंग लागलाय.

कंपाउंड (रंग घासायची पेस्ट), पॉलिश पेपर, टचअपची बाटली हे सगळं आणता येईल. पण कशाला काय वापरायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, ते सांगा.

अवजारपेटी

चाकोरी, हे पाच प्रकार वेगळे करून लिहिलेत ते फार बरं झालं, कारण पाचांवर पाच वेगळे इलाज आहेत. ओरखडा किती खोल आहे ते कळल्याशिवाय हातात काहीही घेऊ नये, हे माझं ठाम मत.

पत्र्यावर काय काय असतं ते आधी सांगतो. कारखान्यात पत्रा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर बसवतात, तो साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर प्रायमर, ३० ते ४० मायक्रॉन. मग खरा रंग, म्हणजे बेस कोट, अवघा १५-२० मायक्रॉन. सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ३५ ते ५०. सगळं मिळून १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे डोक्याचे दोनेक केस एकावर एक ठेवले तर होईल एवढी जाडी. गाडीची चकाकी क्लिअर कोटची, आणि उन्हापासून खालच्या रंगाचं रक्षण करतो तोही तोच.

पॉलिश केल्याने ओरखडा भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजून ओरखड्याच्या तळाला येतो, म्हणून तो दिसेनासा होतो. झिजलेला क्लिअर कोट परत येत नाही. त्यामुळे गाडीच्या उभ्या आयुष्यात ५ ते ८ मायक्रॉनपेक्षा जास्त काढायचा नाही, या बेताने चालावं. सगळ्यात सौम्य उपाय आधी करायचा आणि त्याने भागलं नाही तरच पुढच्यावर जायचं, ते याचसाठी.

आता दोन चाचण्या करा. ओरखड्यावर पाणी लावा. ओला असताना दिसेनासा झाला तर तो क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने बराचसा जाईल. मग नख आडवं फिरवा, दाब न देता. नख अडकलं तर तो खोल आहे, नुसत्या पॉलिशने जाणार नाही. तळाशी राखाडी किंवा भलताच रंग दिसला तर प्रायमर उघडा पडलाय. धातू चमकला किंवा तांबूस दिसलं तर पत्रा. असा पत्रा उघडा पडला असेल तर त्याचं काम सगळ्यात आधी. बाकीचं वर्षभर थांबलं तरी बिघडत नाही, गंज मात्र थांबत नाही.

शेवंती

आमच्याकडे टूथपेस्ट लावून फडक्याने घासायचे. बारीक ओरखडे खरंच जायचे. एवढा खटाटोप करण्यापूर्वी तेच करून पाहिलं तर?

प्रयोगवही

शेवंती, फरक दिसला असेल हे खरं आहे. टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतात, बहुतेक वेळा सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटचे. पण ते दातांच्या हिशोबाने केलेले. कंपाउंडमध्ये सहसा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे, आकार नेमका राखलेले कण असतात. काहींमध्ये ते घासता घासता फुटून बारीक होत जातात, म्हणून शेवटी चकाकी येते. टूथपेस्टने जुना ओरखडा पुसट होतो आणि त्या जागी धूसर ठिगळ राहतं. फिक्या गाडीवर ते नजरेत येत नाही, गडद निळ्यावर लगेच येईल.

घरातले फवारायचे तेलही बरेच जण सुचवतात. तेल चऱ्यात भरून राहतं, त्यामुळे पाण्याच्या चाचणीसारखाच तो तेवढ्यापुरता लपतो. दोन धुण्यांत तेल निघालं की चरा जिथल्या तिथे. शिवाय नंतर टचअप करायचं असेल तर ते तेल मुळापासून काढावं लागतं, नाहीतर रंग धरतच नाही.

चाकोरी

चाचण्या केल्या. गोल ओरखडे पाण्याखाली पूर्ण नाहीसे. दारावरचा चरा बहुतेक लांबीत नाहीसा होतो, पण मध्ये बोटभर जागेत नख अडकतं आणि तळाशी राखाडी दिसतं. बॉनेटवरचा एक टवका पत्र्यापर्यंत गेलाय, बाकीचे प्रायमरपर्यंत. विष्ठेचा ठसा पाण्याने जात नाही, तिथे बोट फिरवलं तर किंचित खळगा लागतो.

अवजारपेटी

मग क्रम असा ठेवा: आधी स्वच्छता, मग बॉनेट आणि दाराचं टचअप, ते पुरतं वाळलं की पॉलिश, शेवटी वॅक्स. टचअपच्या आधी वॅक्स लावलं तर नवा रंग धरणार नाही.

स्वच्छतेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमचे गोल ओरखडे तिथूनच आलेत. धुताना फडक्यात अडकलेली माती पत्र्यावर फिरत राहिली की हे होतं. दोन बादल्या घ्या, एकीत साबणाचं पाणी आणि दुसरीत साधं. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच साबणात बुडवायचं. साबण गाडीचाच घ्या, भांड्यांचा नको. वरून खाली या. चाकांचं फडकं वेगळं ठेवा आणि ते कधीच पत्र्यावर आणू नका. पुसायला जाड मायक्रोफायबर, आणि पुसताना घासू नका, टिपा.

नंतर हाताला प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून धुतलेल्या पत्र्यावर हलकेच फिरवा. खरखर लागली तर रंगात रुतून बसलेले कण आहेत: डांबर, धातूचा कीस, झाडाचा चीक. डांबर डांबर काढायच्या द्रवाने निघतं आणि चीक आयसोप्रोपिल अल्कोहोलने. धातूच्या कणांसाठी वेगळा फवारा मिळतो, तो लोहाशी संयोग पावून जांभळा होतो, त्यामुळे कण कुठे आहेत तेही कळतं. त्यातून उरलेलं क्ले बारने, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने काढा. पत्रा भरपूर ओला ठेवायचा, क्लेची वडी घडी घालून सतत नवी बाजू वर आणायची. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्या, पुन्हा वापरू नका.

हे सगळं सावलीत, पत्रा गार असताना.

पहाटवारा

पॉलिशसाठी मशीन लागतंच का? आणि लागत असेल तर कोणतं? रोटरीने रंग जळतो असं ऐकलंय.

अवजारपेटी

एखादा चरा किंवा दाराच्या मुठीमागचे नखांचे ओरखडे हातानेही निघतात. फोमचा छोटा पॅड घ्या, वाटाण्याएवढं कंपाउंड, आडवे-उभे हात मारा आणि मधूनमधून पुसून बघा. सगळी गाडी हाताने करायची म्हटली तर दाब सगळीकडे सारखा राहत नाही आणि काम धड होत नाही.

रोटरीचा पॅड एकाच आसाभोवती फिरतो, त्यामुळे कडा चटकन तापते. सरावलेल्या हातात ते उत्तम यंत्र आहे, पण शिकण्याची जागा आपली गाडी नव्हे. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनचा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता हेलकावेही घेतो, उष्णता पसरते, आणि फार दाबलं तर त्याचं फिरणं आपोआप मंदावतं. घरी हेच घ्यावं.

सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने करायची: मऊ फोम आणि बारीक पॉलिश. दोन वीत बाय दोन वीत एवढाच तुकडा घ्या. आडवे हात, मग उभे हात, प्रत्येक हात आधीच्या हातावर अर्धा चढलेला. पुसा, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्याने पुन्हा पुसा. हे दुसरं पुसणं चुकवू नका, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकून ठेवतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. टॉर्च तिरपा धरून पाहा. मन भरलं तर सगळ्या गाडीला तीच जोडी. नाही भरलं तर त्याच तुकड्यावर एक पायरी कडक जोडी. म्हणजे सगळा निर्णय त्या एका तुकड्यावर होतो आणि बाकीच्या गाडीचा क्लिअर कोट उगाच खर्च होत नाही.

पत्र्याच्या कडा, दुमड्या आणि बॉनेटवरच्या उंच रेषा यांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथे येतो. त्यांवर मास्किंग टेप लावूनच मशीन चालू करा. पत्र्याला हात टेकवत राहा. हात ठेववत नाही इतका तापला तर थांबा.

दुसरा_हात

टचअपबद्दल मी लिहितो, मला त्याच कामाची जास्त आवड आहे.

रंगाचा कोड गाडीवरच असतो, बहुधा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा बॉनेटखाली. त्या कोडानेच बाटली घ्या, नजरेने जुळवू नका. तरी एकाच कोडाच्या रंगात कारखान्याच्या खेपेगणिक फरक पडतो आणि तुमचा रंग वर्षानुवर्षं उन्हातही आहे. म्हणून आधी पांढऱ्या कार्डावर रंग लावा, वाळू द्या, त्यावर क्लिअर लावा आणि मग गाडीशेजारी धरून पाहा. ओल्या रंगावरून काही ठरवू नका, वाळला की तो बदलतो.

तांबूस ठिपक्याचा टवका आधी घ्या. सैल रंगाची खपली लाकडी दातकोरणीने उचला. गंज काचतंतूच्या टोकाच्या पेनने किंवा पॉलिश पेपरच्या टोकदार घडीने खरवडा, पण फक्त टवक्याच्या आत. पत्र्याला जस्ताचा मुलामा असेल तर जेवढं जास्त खरवडाल तेवढा तोही जाईल. गंजाचा अंश उरला तर फॉस्फोरिक आम्लाचं गंजावरचं औषध टिपा आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ देऊन साफ करा. अल्कोहोलने पुसा. मग गंजरोधक प्रायमरचा ठिपका.

बाटलीतला ब्रश बहुतेक वेळा या कामाला जाड पडतो. दातकोरणी किंवा चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश घ्या. रंगाचा थेंब टवक्याच्या मध्यभागी सोडा, तो आपोआप कडांपर्यंत पसरतो. एकाच वेळी भरायला जाऊ नका. पातळ हात द्या, वाळू द्या, तो आकसतो, मग पुढचा. बेस कोट आजूबाजूच्या पृष्ठभागाच्या थोडा खालीच थांबवा, वर क्लिअर यायचाय. क्लिअरचे हात देऊन मात्र किंचित फुगवटा ठेवा, घासून सपाट करायला.

मेटॅलिकची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या असतात. बंदुकीने फवारताना त्या पत्र्याला समांतर निजतात, ब्रशने लावल्यावर वाटेल तशा उभ्या-आडव्या राहतात. म्हणून कोड बरोबर असूनही ठिपका थोडा गडद किंवा मंद दिसतो. बाटली हलवत राहा, चकत्या तळाशी बसतात. तरीही जवळून पाहणाऱ्याला तो दिसेल. पत्रा झाकला गेला आणि चार पावलांवरून लक्ष गेलं नाही, एवढं साधलं तर टचअप उत्तम झालं असं मी मानतो.

चाकोरी

आणि तो फुगवटा सपाट कशाने करायचा? पॉलिश पेपरची मला भीती वाटते.

दुसरा_हात

ती भीती असू द्या, कामाची आहे. आधी क्लिअर पुरता कडक होऊ द्या. कारखान्यात क्लिअर कोट साधारण १४० अंशांच्या भट्टीत पक्का होतो, तुमचा नुसत्या हवेवर वाळणार. निदान आठवडाभर थांबा, गारठा असेल तर त्याहून जास्त. नखाने दाबून खूण उठत असेल तर अजून वेळ आहे.

मग फुगवट्याभोवती मास्किंग टेप लावा. २००० नंबरचा पाण्यात वापरायचा पेपर अर्धा तास भिजवा, खोडरबराच्या छोट्या तुकड्याला गुंडाळा, पाण्यात साबणाचा थेंब टाका. फक्त फुगवट्यावर, वजन न टाकता. बोटाने घासू नका, बोट खड्ड्यात शिरतं आणि उंचवटा राहतो. दहाएक हात झाले की पुसून बघा. सगळीकडे सारखी धूसरता आली की थांबायचं, मग ३०००चा पेपर, मग कंपाउंड, मग पॉलिश.

पेपरवर नंबराआधी पी छापलंय का तेही पाहा. पी असलेले आणि नसलेले, दोन्ही वेगळ्या मापाचे आहेत. त्याच नंबरचा पी नसलेला पेपर जास्त बारीक असतो.

दारावरच्या चऱ्याचंही हेच. मधल्या बोटभर राखाडी जागेत रंग भरा, दोन्ही टोकांचा पांढुरका भाग नुसत्या पॉलिशने जाईल. सगळा चरा रंगाने भरायला गेलात तर जी रेघ जाणार होती ती कायमची होईल.

शेवंती

फवाऱ्याचा डबा आणून अख्खं दारच फवारलं तर एकसारखं दिसणार नाही का?

प्रयोगवही

बेस कोट फवारता येईल, पण क्लिअरचं नीट समजून घ्या. डब्यातले क्लिअर दोन प्रकारचे. १के नुसतं द्रावक उडून वाळतं. हाताळायला सोपं, पण पेट्रोल किंवा थिनर सांडलं तर मऊ पडतं, टिकतंही कमी. २केमध्ये हार्डनर असतो, डब्याच्या बुडाची कळ दाबली की तो आत मिसळतो आणि मग ठरावीक वेळातच डबा वापरून संपवावा लागतो. ते कारखान्यातल्या थराच्या जवळ जाणारं कडक होतं. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासात गेला तर दम्यासारखा आजार जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही झटका येतो. धुळीचा साधा मास्क तिथे काही कामाचा नाही. रंगाच्या बूथमध्ये काम करणारे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा घालतात. घराच्या आवारात, मुलंबाळं आसपास असताना २के फवारू नये. अख्खं दार हवं असेल तर ते बूथमध्येच करून घ्यावं.

१के फवारणार असाल तरी मोकळ्या हवेत, सेंद्रिय वाफांसाठीचा काडतुसाचा मास्क लावून, आणि जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. दमट दिवशी टाळा. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि क्लिअर दुधी पडतं.

दुसरा_हात

अगदी बरोबर. शिवाय मेटॅलिकचं एकच दार फवारलं तर शेजारच्या पत्र्याशी छटा जुळत नाही, म्हणून रंगारी नवा रंग शेजारच्या पत्र्यावर विरवत नेतात आणि क्लिअर दोन्हींवर देतात. डब्याने ते साधणं फार अवघड.

पहाटवारा

बंपर आणि विष्ठेचा डाग राहिला.

अवजारपेटी

बंपर यातला सगळ्यात सोपा. पांढरं दिसतंय ते बहुधा भिंतीचं, तुमचा रंग खाली शाबूत असेल. मायक्रोफायबरवर थोडं मिनरल टर्पेंटाइन किंवा डांबर काढायचा द्रव घेऊन आधी नजरेआडच्या जागी बघा, मग हलक्या हाताने घासा. थिनर आणि अ‍ॅसिटोन नकोच, ते टचअपचा रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही खातात. उरलेलं कंपाउंडने. खाली काळं प्लॅस्टिक उघडं पडलेलं निघालं तर गंजाची चिंता नाही, पण प्रायमरआधी प्लॅस्टिकला रंग धरवणारा अ‍ॅडहिजन प्रमोटर द्या, नाहीतर पापुद्रा सुटेल. प्लॅस्टिक उष्णता साठवतं, तिथे मशीन सावकाश चालवा.

विष्ठेचा ठसा बरा होईलच असं नाही. तिच्यात यूरिक आम्ल असतं. उन्हात क्लिअर कोट तापून मऊ पडतो, आणि गार होताना वाळलेल्या थराखाली आकसून त्याचा पृष्ठभाग वेडावाकडा होतो. बोटाला खळगा लागतोय म्हणजे क्लिअर कोटच गेलाय. मऊ पॅडने कडा बोथट करा, ठसा निम्मा तरी फिका होईल. पूर्ण घालवायच्या हट्टाने टपावर पेपर लावू नका, टपाने आधीच सगळ्यात जास्त ऊन सोसलंय. पुढे असं काही पडलं तर ओलं फडकं काही मिनिटं त्यावर ठेवून भिजवा आणि उचलून घ्या. वाळलेलं कधी खरवडू नका, त्यात वाळूचे कण असतात.

चाकोरी

टप नीट पाहिला. मागच्या काचेलगत तळहाताएवढ्या जागेत पांढुरके पापुद्रे सुटल्यासारखे दिसतायत. हेही पॉलिशने?

अवजारपेटी

नाही. तिथे क्लिअर कोट खालच्या रंगापासून सुटलाय. घासलात तर कड आणखी उचकटेल आणि मशीनने तर मोठा पापुद्रा उडेल. टेप लावून ती जागा आणि तिच्याभोवतीची चार बोटं पॉलिशमधून वगळा. सुटलेला क्लिअर कोट पुन्हा चिकटवता येत नाही, आणि वरून नवा क्लिअर मारला तर जुन्या सैल कडेसकट निघून येतो. इलाज एकच, कड घासून पक्क्या थरापर्यंत जायचं आणि सगळा टप नव्याने रंगवायचा. ते काम रंगशाळेचं. तोवर वॅक्स लावत राहिलात तर पाणी कडेखाली शिरायचं थोडं कमी होईल.

पहाटवारा

वॅक्स लगेच लावायचं का? आणि कोणतं?

दुसरा_हात

जुन्या पत्र्यावर पॉलिशनंतर लगेच. टचअपच्या ठिपक्यांवर मात्र महिनाभर थांबा, आतलं द्रावक बाहेर पडायला वाट हवी. कार्नोबा वॅक्सची झळाळी गडद निळ्याला फार शोभते, पण ते उन्हात लवकर उतरतं. सिंथेटिक सीलंट जास्त टिकतं. पातळ थर, धुरकट झाला की पुसायचा. दुसरा जाड थर देऊन काही जास्त मिळत नाही.

चाकोरी

मग उद्या फक्त धुणं, क्ले आणि बॉनेटवरच्या त्या एका टवक्याचं प्रायमर. रंगाचा कोड दाराच्या चौकटीवर सापडला. टपाचा तो भाग टेपने झाकून ठेवतो. कार्डावर रंग वाळला की दिवसाच्या उजेडातला फोटो इथे टाकेन, छटा पटते का ते सांगा.

दुसरा_हात

फोटो सावलीत एक आणि उन्हात एक, असे दोन टाका. मेटॅलिक एका उजेडात जुळतो आणि दुसऱ्यात सुटतो. कार्ड बॉनेटवर आडवं न ठेवता दाराशेजारी उभं धरा, म्हणजे दाराच्या चऱ्याचाही अंदाज येईल.